मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती ओळखायची कशी : सातारा-सांगलीतल्या संग्राहकांसाठी

सातारा-सांगलीकडच्या रद्दीच्या दुकानांत, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर आणि गावोगावच्या वाचनालयांनी बाद केलेल्या गठ्ठ्यांत मराठी कादंबऱ्यांच्या जुन्या प्रती अजून निघतात. त्यातली पहिली आवृत्ती ओळखू आली नाही, तर ती किलोच्या भावानं लगद्याला जाते. उलटही घडतं. आत ‘पहिली आवृत्ती’ हे शब्द दिसले म्हणून कुणी सातव्या आवृत्तीला पहिलीचे पैसे मोजतो.

आवृत्तीची ओळ म्हणजे प्रकाशकाचं म्हणणं. ते ताडून पाहण्याचा पुरावा पुस्तकातच असतो: किंमत, पत्ता, लेखनपद्धती, छपाई, शिक्के. यातली प्रत्येक खूण दोनपैकी एक गोष्ट सांगते. एक तर ‘ही प्रत अमुक सालाआधीची असू शकत नाही’, नाहीतर ‘ही प्रत अमुक सालानंतरची असू शकत नाही’. या दोन भिंती जितक्या जवळ येतील तितका निर्णय पक्का.

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, छोटी बॅटरी आणि मऊ पेन्सिल ठेवा. पेन जवळ नको.

आवृत्तीचं पान

टायटल पानाची मागची बाजू उघडा. प्रकाशक, मुद्रक, हक्क, मुखपृष्ठकार, किंमत आणि आवृत्ती हे सगळं साधारण इथेच असतं. मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं व ठिकाणं छापणं १८६७ च्या कायद्यानं बंधनकारक होतं. त्यामुळे जुन्या पुस्तकात ती कुठेतरी असायलाच हवीत. या पानावर मुद्रक दिसला नाही, तर शेवटच्या पानाच्या तळाशी बघा. तिथेही नसेल, तर पान गळालेलं आहे किंवा ती चोरछपाई आहे.

‘पहिली आवृत्ती’, ‘आवृत्ती पहिली’, ‘प्रथमावृत्ती’ यांत फरक नाही. काही जुन्या पुस्तकांत आवृत्तीचा उल्लेखच नसतो, फक्त साल असतं. ते साल पहिल्या प्रकाशनाचं असेल आणि पुढच्या आवृत्तीची कुठे नोंद नसेल, तर प्रत बाजूला काढून पुढच्या तपासण्या करा. मराठी प्रकाशनात मजकुराला हात न लावता केलेल्या नव्या छपाईलाही सर्रास ‘दुसरी आवृत्ती’ म्हणतात, तर कुणी तिलाच ‘पुनर्मुद्रण’ म्हणतं. संग्राहकाला हवी असते ती पहिली छपाई. म्हणून ‘पहिली आवृत्ती १९६७, पुनर्मुद्रण १९६८’ अशी ओळ असलेली प्रत पहिलीत मोजायची नाही.

साल शकात असेल तर ७८ मिळवा. प्रस्तावनेखाली ‘विजयादशमी, शके १८८१’ असेल, तर ते १९५९. शकाचं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं, म्हणून जानेवारी ते पाडव्यादरम्यानच्या तारखेला ७९ मिळवायचे. पौष आणि माघात हा एक वर्षाचा घोळ हमखास होतो. आणखी एक गोष्ट विसरू नका. प्रस्तावना तारखेसकट पुढच्या सगळ्या आवृत्त्यांत तशीच छापली जाते. ती तारीख ‘याआधीचं नाही’ एवढंच सिद्ध करते.

सगळ्यात जास्त फसवणूक प्रकाशक बदलल्यामुळे होते. नवा प्रकाशक आपल्या पहिल्या छपाईला बिनदिक्कत ‘पहिली आवृत्ती’ म्हणतो, आणि त्याच्या दृष्टीनं ते खोटंही नसतं. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं काढली, पुढे ती पॉप्युलर प्रकाशनाकडे गेली. पॉप्युलरचं नाव असलेली प्रत कितीही जुनी दिसली तरी पहिली नाही. म्हणून कादंबरीचा मूळ प्रकाशक आणि साल आधी माहीत करून घ्या आणि मगच प्रत तपासा. स्वतःची छोटी वही करा: कादंबरी, साल, पहिला प्रकाशक, गाव, पानं, किंमत. माहिती मिळेल तसे रकाने भरत जायचे.

विद्यार्थी आवृत्ती, स्वस्त आवृत्ती, संक्षिप्त आवृत्ती यांवरही ‘पहिली’ लिहिलेलं असतं. ती त्या प्रकारातली पहिली. कादंबरी आधी दिवाळी अंकात किंवा साप्ताहिकात क्रमशः आली असेल, तर तो अंक वेगळा आणि पुस्तकरूपातली पहिली आवृत्ती वेगळी. दोन्ही जमवण्याजोगे आहेत, पण विकताना किंवा घेताना एकाला दुसऱ्याचं नाव देऊ नये.

साल बांधून देणाऱ्या खुणा

किंमत सगळ्यात आधी बघा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. किंमत रुपये-आण्यांत छापलेली असेल, तर छपाई त्याआधीची किंवा फार तर त्याच सुमाराची. ‘नवे पैसे’ किंवा ‘न. पै.’ असेल, तर १९५७ ते १९६४ हा काळ, कारण १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द गेला. रुपयाचं आडव्या रेघांचं नवं चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारलं गेलं. ते छापलेली प्रत साठच्या दशकातली असूच शकत नाही, आत काहीही लिहिलेलं असो.

छापील किमतीवर रबरी शिक्क्यानं किंवा चिकटवलेल्या चिठ्ठीनं नवी किंमत टाकलेली असेल, तर प्रत लगेच बाजूला टाकू नका. पहिल्या आवृत्तीचा उरलेला साठा प्रकाशक वाढीव किमतीला विकत असत. कागद आणि छपाई पहिलीच असते. चिठ्ठी ओढून काढू नका. उजेडाकडे पान धरलं की बहुतेकदा खालचा आकडा दिसतो.

आता पत्ता. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याआधी ‘पुणे ३०’, ‘मुंबई ४’ असे विभाग क्रमांक असत. तेच पुढे ‘पुणे ४११ ०३०’, ‘मुंबई ४०० ००४’ झाले. सहा आकडे दिसले की प्रत १९७२ नंतरची, यात शंका नाही. उलट दिशेनं मात्र खात्री धरू नये. काही छापखाने जुना पत्ता पुढेही काही वर्षं वापरत राहिले.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात १९८५ पासून दिले जाऊ लागले. २००६ अखेरपर्यंत ते दहा आकडी होते आणि जानेवारी २००७ पासून तेरा आकडी झाले. तेरा आकड्यांचा क्रमांक आणि ‘पहिली आवृत्ती १९५९’ एकाच पानावर दिसले, तर ती आजची छपाई आहे आणि १९५९ हा फक्त इतिहास आहे. ‘संगणकीय अक्षरजुळणी’ ही ओळही तशीच. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छापलेल्या पुस्तकात ती असणार नाही.

पुरस्कारांचे उल्लेख आणि लेखकाच्या इतर पुस्तकांची यादी यांकडे फार कमी लोक बघतात. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार १९६० चा, तर खांडेकरांना ज्ञानपीठ १९७४ चं. जॅकेटवर वा मलपृष्ठावर यापैकी कशाचाही उल्लेख असेल, तर ते आवरण पहिल्या आवृत्तीचं नाही. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ही १९५९ चीच आणि तिला राज्य शासनाचा पुरस्कार १९६१ चा. तिथेही हाच नियम लावा. ‘कोसला’च्या एखाद्या प्रतीत लेखकाच्या पुस्तकांत ‘बिढार’ दिसली, तर ती प्रत १९७५ च्या आधीची नाही. शेवटच्या कोऱ्या पानांवरच्या ‘आमची इतर प्रकाशने’ या जाहिरातीही अशाच वाचा.

पाचवी खूण लेखनपद्धतीची. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि त्यांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या छपाईत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘तें’, ‘जेव्हां’ अशी रूपं भरपूर दिसतात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. त्या सालाची म्हणून दाखवलेल्या प्रतीत निवेदन पूर्णपणे आजच्या पद्धतीनं छापलेलं असेल, तर सावध व्हा. ही तपासणी निवेदनाच्या परिच्छेदांवर करावी, संवादांवर नको. माणदेशी किंवा वाळव्याकडच्या बोलीतल्या संवादांत अनुस्वार उच्चारासाठीच असतात आणि ते कुठल्याही काळात सापडतील.

छपाई, कागद, फर्मे

कोरा समास असलेलं पान घ्या, बॅटरी बाजूनं तिरपी धरा आणि पानाची मागची बाजू बघा. खिळ्यांनी छापलेल्या पानावर अक्षरांचे बारीक उठाव दिसतात, बोट फिरवलं तर लागतातही. भिंगातून अशा अक्षराच्या कडेला शाईची थोडी गडद किनार दिसते, कारण खिळ्याच्या दाबानं शाई कडेकडे सरकते. ऑफसेटचं, म्हणजे सपाट पत्र्यावरून रबरी रुळामार्फत छापलेलं, अक्षर सपाट आणि सारख्या काळेपणाचं असतं, उठाव नसतो. मराठी पुस्तकं साधारणपणे ऐंशीच्या दशकात खिळ्यांकडून ऑफसेटकडे गेली. पन्नास-साठच्या दशकातली कादंबरी ऑफसेटवर छापलेली दिसली, तर बहुधा जुन्या पानांचे फोटो घेऊन केलेलं पुनर्मुद्रण हाती आलेलं असतं. अशा छपाईत पानं, ओळी, चुका सगळं पहिल्यासारखंच असतं. म्हणून नुसता मजकूर जुळवून भागत नाही.

चोरछपाईही याच तपासणीत पकडली जाते. तिच्यात अक्षरांच्या पोकळ्या भरलेल्या, मात्रा आणि अनुस्वार तुटके, कागद इतका पातळ की मागचा मजकूर दिसतो, आणि मुखपृष्ठावरच्या चित्रात जाळीदार लाटा असतात. मूळ छापील चित्राचा पुन्हा फोटो घेतला की ठिपक्यांवर ठिपके पडून त्या लाटा तयार होतात.

अतिनील बॅटरी असेल तर अंधारात पानांवर धरा. कागद पांढरा दिसण्यासाठी घातलेली रसायनं निळसर चमकतात आणि ती कागदात साधारण १९५० नंतर आली. आतली पानं मंद आणि पुठ्ठ्याला चिकटलेलं कोरं पान मात्र झळझळीत असेल, तर बांधणी नंतरची आहे. एकट्या या खुणेवर निकाल देऊ नका.

मग पानं मोजा. मोजणी कंटाळवाणी आहे, पण ती टाळली की पस्तावायची वेळ येते. बहुतेक कादंबऱ्या १६ पानी फर्म्यांत छापलेल्या असतात. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घड्या घातलेला पानांचा संच. काही पुस्तकांत प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी, म्हणजे १७, ३३, ४९, ६५ अशा पानांवर, बारीक आकडा असतो. सुरुवातीची ८ पानं आणि मजकुराची ३४४ पानं असतील, तर एकूण ३५२, म्हणजे नेमके २२ फर्मे. बेरजेला १६ नं भाग जात नसेल, तर अर्धा किंवा पाव फर्मा वापरलेला असू शकतो. एखादं पान फाडलेलं असण्याचीही शक्यता असते. टायटल पान आतून एकट्या पट्टीनं चिकटवलेलं आहे का तेही शिवणीजवळ बघा. जुनं टायटल कापून नवं चिकटवण्याचा प्रकार प्रकाशकाकडूनही होतो आणि विक्रेत्याकडूनही.

शिक्के : आपल्या भागातला खास पुरावा

आपल्याकडे सापडणाऱ्या बहुतेक जुन्या प्रती कधी ना कधी वाचनालयात राहिलेल्या असतात. शुद्ध संग्राहक अशा प्रतींना नाकं मुरडतात. साल ठरवायला मात्र त्यांच्याइतका भक्कम आधार नाही. शिक्क्यातली दाखल तारीख म्हणजे ‘यानंतरचं नाही’ अशी भिंत. पुस्तक दाखल झालं, म्हणजे त्या दिवशी ते छापलेलं होतंच. १९६३ च्या कादंबरीवर जानेवारी १९६४ ची दाखल तारीख असेल आणि दुसरी आवृत्ती त्यानंतरची असेल, तर प्रश्न मिटला. दाखल क्रमांक टायटल पानावर आणि आत एखाद्या ठरावीक पानावरही असतो. दोन्हीकडे तोच आकडा आहे ना, ते पाहा. वेगळा असेल तर दोन प्रती जोडून एक केलेली आहे.

तारीख नसली तरी शिक्क्यातला पत्ता बोलतो. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावानं झाला आणि नोव्हेंबर १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. ‘जि. दक्षिण सातारा’ किंवा ‘द. सातारा’ असा शिक्का असलेली प्रत त्या अकरा वर्षांत इथे पोचलेली होती. शिक्का झिजेपर्यंत वापरायची पद्धत होती, म्हणून पुढची दोन-तीन वर्षं सोडून हिशेब करा. ‘सांगली संस्थान’, ‘औंध संस्थान’ असे शिक्के १९४८ मधल्या विलीनीकरणाआधीचे. शिक्क्यात ‘महाराष्ट्र राज्य’ असेल, तर तो १ मे १९६० नंतरचा. ‘जि. सांगली’चा शिक्का मात्र प्रत जुनी नसल्याचा पुरावा नाही. जुनं पुस्तक उशिरा दाखल होऊ शकतं.

वाचनालयाचा शिक्का आहे पण ‘रद्द’, ‘बाद’ किंवा निर्लेखनाची कुठलीच खूण नाही, अशी प्रत घेण्याआधी त्या वाचनालयात विचारा. ती तिथून परत न आलेली असू शकते. तसं निघालं तर ती परत करावी, मग ती पहिली आवृत्ती का असेना.

बांधणी, जॅकेट आणि पाणी

वाचनालयं पुस्तक फार हाताळलं गेलं की नव्यानं बांधून घेतात. त्यात मूळ पुठ्ठा आणि जॅकेट जातं, पाठीतून आरपार टाके पडतात आणि कडा कातरल्या जातात. पट्टीनं मोजा. डेमी आकाराचं पुस्तक साधारण १४० बाय २१५ मिलिमीटर असतं, क्राउन साधारण १२२ बाय १८५. मापात चार-पाच मिलिमीटर कमी आणि पानाचा वरचा समास अंगावर आल्यासारखा वाटत असेल, तर पुस्तक पुन्हा कातरलेलं आहे. अशी प्रत वाचायला आणि पडताळायला उत्तम, पण मूळ बांधणीतल्या प्रतीशी किमतीत तिची बरोबरी होत नाही.

जॅकेट असलं तर ते याच प्रतीचं आहे का ते ठरवा. जॅकेटच्या आतल्या घडीवरची किंमत आणि आवृत्तीच्या पानावरची किंमत जुळली पाहिजे. घडीचा कोपरा कापलेला असेल, तर किंमत मुद्दाम काढलेली आहे. पुस्तकाच्या उंचीपेक्षा जॅकेट कमी-जास्त असेल, तर ते दुसऱ्या आवृत्तीवरून आणून चढवलेलं असू शकतं. फाटलेल्या जॅकेटला सेलोटेप लावू नका. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो आणि तो डाग जात नाही. लॅमिनेशन तर अजिबात नको. ते पुन्हा काढता येत नाही.

सांगली, मिरज आणि कृष्णाकाठच्या गावांतून आलेल्या प्रतींवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांची छाया असते. पानांच्या कडेला तपकिरी लहरी रेघ, शिवणीत अडकलेला बारीक गाळ, वाकलेले पुठ्ठे, एकमेकांना चिकटलेली गुळगुळीत कागदाची पानं. पुस्तक मधोमध उघडून शिवणीत बॅटरी धरा. गाळ तिथेच उरतो, बाकी सगळं पुसता येतं. वाई, पाटण, महाबळेश्वरकडच्या प्रतींत गाळ नसतो. दमटपणामुळे तिथे बुरशीचे ठिपके आणि कसर जास्त. बुरशीचा वास येणारी प्रत इतर पुस्तकांत मिसळण्याआधी काही आठवडे कोरड्या, हवेशीर जागी वेगळी ठेवा. उन्हात वाळवू नका, कागद ठिसूळ होतो.

स्वाक्षरी

लेखकाची सही किंमत वाढवते, म्हणून ती खोटीही केली जाते. पहिली तपासणी तारखेची. अण्णा भाऊ साठे १८ जुलै १९६९ ला गेले, खांडेकर २ सप्टेंबर १९७६ ला. त्यानंतरची तारीख असेल तर पुढे बघायलाच नको. सहीखालची तारीख आवृत्तीच्या सालाआधीची नाही ना, हेही पाहा. मग भिंग लावा. खऱ्या सहीत शाई कुठे दाट, कुठे विरळ असते आणि रेषा वेगात निसटलेली असते. गिरवलेल्या सहीत रेषा थरथरते आणि वळणावर थांबलेली दिसते. काही प्रतींत सही छापलेलीच असते; तिच्यात ठिपके किंवा सपाट काळेपणा दिसतो.

इंग्रजी कादंबरी सापडली तर

इंग्रजीत आवृत्तीच्या पानाच्या तळाशी बहुधा आकड्यांची ओळ असते. तीत १ असेल तर पहिली छपाई; सगळ्यात लहान आकडा ४ असेल तर चौथी. आकडे चढत्या, उतरत्या किंवा दोन्हीकडून मधे येणाऱ्या क्रमानं असू शकतात. बघायचा तो सर्वांत लहान. अमेरिकेतल्या रँडम हाऊसनं मात्र बरीच वर्षं पहिल्या छपाईतही ओळ २ पासून ठेवली आणि सोबत पहिल्या आवृत्तीचे शब्द छापले. जॅकेटवर किंमतच नसणं आणि मागच्या पुठ्ठ्यावर खाली दाबून उमटवलेला ठिपका ही बुक क्लबच्या, म्हणजे सभासदांसाठी वेगळ्या छापलेल्या, प्रतीची खूण.

पडताळणी आणि नोंद

आपल्या तपासणीनंतर दुसरी प्रत किंवा सूची बघितल्याशिवाय निकाल देऊ नये. १९५० पर्यंतच्या पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चे दोन भाग हाच पाया आहे: पहिल्यात १८०० ते १९३७, दुसऱ्यात १९३८ ते १९५०. नंतरच्या पुस्तकांसाठी १९५८ पासून निघणारी इंडियन नॅशनल बिब्लिओग्राफी पाहा. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकांना कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे प्रत पाठवणं बंधनकारक झालं, म्हणून त्या ग्रंथालयाच्या यादीत पानसंख्या आणि साल सापडण्याची शक्यता चांगली. जवळ बघायचं तर साताऱ्याचं छत्रपती प्रतापसिंह महाराज नगर वाचनालय, सांगलीचं नगर वाचनालय आणि कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय इथे चौकशी करा. ग्रंथपालांना नुसतं ‘पहिली आवृत्ती आहे का’ असं विचारू नका. नाव, साल, प्रकाशक आणि तुमच्या प्रतीची पानसंख्या लिहून न्या आणि दाखल नोंदवही बघायची परवानगी मागा.

प्रत घरी आली की आम्लरहित कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून ती पुस्तकात ठेवा: प्रकाशक, मुद्रक, छापील किंमत, पानं, मापं, शिक्क्यातला मजकूर जसाच्या तसा, आणि कुठून मिळाली ते. एखादी खूण जुळत नसेल, तर तीही लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह घाला. पुस्तक विकलं किंवा कुणाला दिलं, तर ती चिठ्ठीही पुस्तकाबरोबर जाऊ द्या.